फाटकापाशी थबकू नका: चिल्टर्नच्या टेकड्यांत पळायला सुरुवात कशी करावी

इंग्लंडमध्ये स्लाव, रेडिंग, वॉटफर्ड, मिल्टन कीन्स इथे राहणारी आपली बरीच मराठी मंडळी पळतात. पळतात म्हणजे घराजवळच्या पार्काला फेऱ्या मारतात, नाहीतर शनिवारी सकाळी ९ वाजता पार्करन नावाच्या सामूहिक धावण्याला जातात. त्यात वाईट काही नाही. पण या सगळ्या गावांपासून तासाभराच्या आत चिल्टर्नच्या टेकड्या आहेत, आणि तिथे आपलं माणूस क्वचितच दिसतं. विचारलं तर उत्तर येतं, "चढ फार असेल." खरं कारण चढ नाही, खरं कारण फाटक आहे. समोर शेत, शेताला कुंपण, कुंपणाला लाकडी फाटक. मनात येतं, हे कुणाचं तरी रान आहे, आत शिरलो आणि मालकाने हटकलं तर काय सांगायचं?

मीही पहिल्या दिवशी फाटकाला हात लावून परत फिरलो होतो. तेवढ्यात पलीकडून कुत्रं घेऊन एक आजीबाई आल्या, माझ्यासाठी फाटक धरून उभ्या राहिल्या, "मॉर्निंग" म्हणाल्या आणि चालू लागल्या. मग आत जाण्यावाचून इलाज नव्हता.

म्हणून हा लेख बुटांपासून सुरू न करता फाटकापासून सुरू करतो. उदाहरणासाठी एकच गाव घेतलं आहे: बकिंगहॅमशरमधलं वेंडोव्हर. लंडनच्या मेरिलबोन स्टेशनवरून थेट गाडी आहे, पाऊण-एक तासात पोहोचता, आणि स्टेशनाबाहेर पडल्यापासून पळता येतं.

पहिली पायरी: वहिवाट समजून घ्या

गावाकडे जमिनीचे वाद ऐकलेल्या माणसाला हे चटकन कळेल. इंग्लंडमधली ही पायवाट म्हणजे वहिवाटीचा रस्ता. जमीन खाजगी, पण त्यावरून जाण्याचा हक्क सगळ्यांचा, आणि तो कायद्याने नोंदलेला. स्थानिक कौन्सिलकडे याचा अधिकृत नकाशा असतो. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटा सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास भरतात. तुम्ही नागरिक असा, व्हिसावर असा, कालच विमानातून उतरलेले असा, हक्क तोच.

फाटकाच्या खांबावर तळहाताएवढी गोल चकती ठोकलेली असते, तिच्यावर बाण असतो. बाणाचा रंग बघायची सवय लावा. पिवळा बाण म्हणजे फुटपाथ, फक्त पायी जाणाऱ्यांसाठी. इथला फुटपाथ म्हणजे शेतातली पायवाट, रस्त्याकडेच्या फरशीला ते पेव्हमेंट म्हणतात. निळा बाण म्हणजे ब्रायडलवे, तिथे घोडेस्वार आणि सायकलवालेही येणार, पण सायकलवाल्याने पायी माणसाला आधी जाऊ द्यायचं असतं. जांभळा आणि लाल बाणही भेटतील, तिथेही पायी जायला हरकत नाही. बाणाशेजारी ओकचं फळ रंगवलेलं असेल तर तुम्ही राष्ट्रीय पदयात्रा-मार्गावर आहात. वेंडोव्हरच्या हाय स्ट्रीटमधूनच असा एक मार्ग जातो, त्याचं नाव रिजवे. एव्हबरीजवळच्या ओव्हर्टन हिलपासून आयव्हिंगो बीकनपर्यंत तो १३९ किलोमीटर आहे.

चिल्टर्नची एक खास खूणही आहे. जंगलात खांब कमी, म्हणून चिल्टर्न सोसायटीचे स्वयंसेवक झाडांच्या बुंध्यांवर पांढरे बाण रंगवतात. बीच नावाच्या झाडाच्या करड्या, गुळगुळीत खोडावर ते लांबून दिसतात. वाट चुकल्यासारखं वाटलं की जमिनीकडे न बघता झाडांकडे बघा.

हक्क आहे, पण तो रेषेपुरता. शेताच्या मधून वाट जात असेल तर त्या रेषेवरून जायचं, आडवं कापायचं नाही. पिकातून जाताना आपल्याला फार संकोच होतो. मळलेली रेषा दिसत असेल तर बिनदिक्कत जा. नांगरट झाल्यावर किंवा पेरणीनंतर वाट पुन्हा मोकळी करून देणं हे शेतकऱ्याचं काम आहे. आपलं काम एवढंच की फाटक जसं होतं तसं ठेवायचं. बंद होतं तर बंद करायचं, उघडं बांधून ठेवलेलं असेल तर उघडंच ठेवायचं, कारण मेंढरांना पाण्याकडे जायला ते मुद्दाम तसं ठेवलेलं असू शकतं.

आता किसिंग गेट. नाव ऐकून हसू नका. अर्धगोल कठड्यात झुलणारं एकच दार असतं ते. आत शिरायचं, कोपऱ्यात अंग चोरून उभं राहायचं, दार आपल्या पोटासमोरून पलीकडे ढकलायचं आणि बाहेर पडायचं. माणूस निघतो, गाय अडकते. पाठीला मोठी सॅक असेल तर माणूसही अडकतो. तेव्हा सॅक लहान घ्या.

दुसरी पायरी: नकाशा वाचायला शिका

फोनवरचा नेहमीचा रस्त्यांचा नकाशा इथे फारसा उपयोगाचा नाही. त्यात रस्ते दिसतात, वहिवाटी धड दिसत नाहीत. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा केशरी मुखपृष्ठाचा एक्सप्लोरर नकाशा घ्या. वेंडोव्हरसाठी क्रमांक १८१. प्रमाण १:२५,०००, म्हणजे कागदावरचे ४ सेंटिमीटर जमिनीवर १ किलोमीटर. निळ्या रेषांचा प्रत्येक चौकोन एक किलोमीटरचा असतो, त्यामुळे अंतर बोटांनी मोजता येतं. हिरव्या बारीक तुटक रेषा म्हणजे फुटपाथ, लांब तुटक रेषा म्हणजे ब्रायडलवे. काळ्या तुटक रेषेला मात्र भुलू नका. वाट आहे एवढंच ती सांगते, जायचा हक्क आहे असं सांगत नाही.

तपकिरी रेषा उंचीच्या. इथे दोन रेषांमध्ये ५ मीटरचा फरक असतो. चिल्टर्नच्या टेकड्या आपल्या सह्याद्रीपुढे ठेंगण्या, सर्वात उंच जागा २६७ मीटर. पण सह्याद्रीत आपण चढतो, इथे पळतो. तपकिरी रेषा एकमेकींना चिकटल्या की तिथे चालायचं हे घरीच ठरवून टाका. मी सपाट रस्त्यावर सहा मिनिटांत किलोमीटर काढतो, या टेकड्यांवर मला साडेआठ लागतात. घड्याळ बघून लाज वाटायची. आता मी ते बाहीखाली सरकवून ठेवतो.

कागदी नकाशाबरोबर फोनसाठी कोड मिळतो, त्यावरून तोच नकाशा घरीच उतरवून घ्या. दाट झाडीत, दोन टेकड्यांच्या खोबणीत, रेंज जाते.

तिसरी पायरी: बूट, आणि बाकीचं थोडक्यात

आधी जमीन समजून घ्या, मग बूट आपोआप कळतील. या टेकड्या खडूच्या आहेत. शाळेतल्या फळ्यावरचा खडू नव्हे, पण नैसर्गिक खडूचे पांढरे, मऊ थर. त्यात चकमकीचे धारदार काळे दगड, आणि माथ्यावर बऱ्याच ठिकाणी चिकणमातीची साय. उन्हाळ्यात हे सगळं पक्क्या रस्त्यासारखं कडक होतं. मे ते सप्टेंबर घरातले जुने रस्त्यावरचे बूट पुरतात, उगाच नवे घेऊ नका. नोव्हेंबर लागला की गोष्ट वेगळी. ओला खडू साबणासारखा घसरतो आणि माथ्यावरची माती काळ्या रानातल्या चिखलाची आठवण करून देते: दहा पावलांत प्रत्येक बुटाला अर्धा किलोचं ढेकूळ. तेव्हा मात्र खोल खाचांच्या तळव्याचे ट्रेल शूज लागतातच. नाड्या दुहेरी गाठीने बांधा. माझा एक बूट एकदा चिखलात तसाच उभा राहिला आणि मी मोज्यावर तीन पावलं पुढे गेलो होतो.

सुती टीशर्ट घालू नका. घामाने भिजतो, वाळत नाही, आणि माथ्यावरचा वारा लागला की अंग काकडतं. निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे, म्हणजे कपडे बरोबर आहेत. पातळ वाऱ्याचं जाकीट कमरेला, शिट्टी सॅकला.

पाणी घरून न्या. टेकड्या हिरव्यागार दिसतात म्हणून वर झरे असतील असं वाटतं, पण खडूतून पाऊस गाळणीसारखा खाली उतरतो आणि माथा कोरडाच राहतो. याच टेकड्यांच्या दक्षिण टोकाला स्टोक रो नावाचं गाव आहे. तिथे पाण्याचे इतके हाल होते की विहीर बांधून दिली ती काशीचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांनी. हिंदुस्थानात अधिकारी असलेल्या एडवर्ड रीड यांनी आपल्या मुलखातली ही टंचाई त्यांच्या कानावर घातली होती. विहीर १८६४ साली खुली झाली, खोली ३६८ फूट, सगळी हाताने खणलेली. तिच्यावरची घुमटाची छत्री अजून तिथे उभी आहे. इंग्लंडच्या खेड्याला बनारसने पाणी पाजलं, ही गोष्ट मला पळताना उगाच बळ देते.

चौथी पायरी: पहिले दोन-तीन रविवार कालव्याकाठी

ज्यांनी कधीच पळून पाहिलं नाही त्यांनी आधी घराजवळ एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, काऊच टू फाइव्ह के हा ९ आठवड्यांचा, आठवड्याला तीन दिवसांचा कार्यक्रम करावा. तो झाला की वेंडोव्हरला या.

पहिली वाट सपाट. स्टेशनवरून हाय स्ट्रीट उतरून क्लॉक टॉवरपाशी या, तिथून व्हार्फ रोड विचारा. तिथे ग्रँड युनियन कालव्याचा वेंडोव्हर फाटा सुरू होतो. पूर्वी घोडे काठाने चालत दोरीने नावा ओढायचे, ती घोड्यांची वाट म्हणजे आजचा टोपाथ. हॉल्टन गावापर्यंत साधारण दोन किलोमीटर, तेवढंच परत. पाणी नितळ, बदकं भरपूर, वर झाडांची कमान. चूक व्हायला जागाच नाही, कारण डावी-उजवीकडे कुठे वळायचंच नसतं. इथे तुम्ही शिकायचं ते एवढंच: असमान जमिनीवर पाऊल लहान ठेवणं, नजर तीन-चार पावलं पुढे ठेवणं, आणि समोरून येणाऱ्याला "मॉर्निंग" म्हणणं. हे शेवटचं हलक्यात घेऊ नका. लंडनच्या गाडीत कुणाशी नजर मिळवायची नाही आणि गावच्या वाटेवर नजर चुकवायची नाही, असा इथला रिवाज आहे.

पाचवी पायरी: कूम्ब हिल

ही खरी परीक्षा, आणि माझी सगळ्यात आवडती वाट. या वेळी गावाकडे न उतरता रेल्वे आणि बायपासवरच्या पुलाकडे जा. पूल ओलांडून एल्सबरो रस्त्याने थोडं पुढे गेलं की डाव्या हाताला ओकच्या फळाची खूण दिसते आणि वाट बेकम हिलवर चढू लागते. पुलाच्या परिसरातून हायस्पीड टू रेल्वेचं काम गेलं आहे, तेव्हा वाट वळवल्याची पाटी दिसली तर ती नीट वाचा.

पहिली पाचशे पावलं सरळ चाला. लाज नको. या चढावर पळणारे मी पाहिले आहेत, पण वर पोहोचेपर्यंत ते माझ्याबरोबरच असतात. झुडपं संपली की उघडी गवताळ धार लागते. उन्हाळ्यात हे गवत आखूड, दाट आणि स्पंजासारखं असतं, पायांना मेजवानी. स्टेशनपासून माथा अडीच किलोमीटरच्या आसपास, चढ सव्वाशे मीटर. वर दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात मेलेल्या बकिंगहॅमशरच्या सैनिकांचं १९०४ सालचं स्मारक आहे. तिथे थांबा. उत्तरेला एल्सबरीचं खोरं पसरलेलं, दुसरीकडे झाडांच्या घोळक्यात चेकर्स, म्हणजे ब्रिटिश पंतप्रधानांचं गावाकडचं घर. रिजवे त्या घराच्या प्रवेशमार्गालाच छेदून जातो. वाटेवरून खुशाल जा, मात्र वाट सोडून पाऊल टाकलंत तर तिथे तो फौजदारी गुन्हा आहे.

डोक्यावर घिरट्या घालणारे पक्षी घारीच, पण तांबूस आणि शेपटीला खाच असलेल्या. इंग्लंडमधून त्या नाहीशा झाल्या होत्या. १९८९ पासून पाच वर्षांत स्पेनहून आणून या टेकड्यांत सोडल्या, आणि आता इतक्या आहेत की सँडविच हातात धरून उभं राहू नये.

पहिल्या वेळी आल्या वाटेनेच परत फिरा. स्मारकापाशी वाटा चहूकडे फुटतात आणि परतताना सगळ्या सारख्याच दिसतात. नोव्हेंबरातल्या एका रविवारी साडेतीनला मी "गोल फिरून जाऊ" म्हणत भलत्याच उतारावर गेलो. सव्वाचारला खाली आलो तो पेव्हमेंट नसलेल्या डांबरी रस्त्यावर, आणि काळोख. दोन किलोमीटर फोनच्या उजेडात, कुंपणाला खेटून आलो. डिसेंबरात सूर्य चारच्या आत मावळतो, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदललं की संध्याकाळ एकदम तासाने अलीकडे येते. हिवाळ्यात दुपारी एकनंतर टेकडी चढायला लागू नका, आणि डोक्याचा दिवा सॅकमध्येच राहू द्या.

अशा रस्त्यावर यायची वेळ आलीच तर उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून पळा. उजवीकडे आंधळं वळण असेल तर तेवढ्यापुरते पलीकडे जा. दोन्ही बाजूंना झाडीच्या भिंती असलेल्या अरुंद रस्त्यांवरही वेगमर्यादा बहुधा ताशी ६० मैल असते, आणि काही जण ती पुरेपूर वापरतात.

सहावी पायरी: जंगलात

दोन-तीनदा कूम्ब हिल झाली की पूर्वेला जा. हाय स्ट्रीटच्या खालच्या टोकाला ओढ्याकाठची हेरन पाथ, मग सेंट मेरीचं चर्च, मग हॉगट्रफ लेन. नावाचा अर्थ डुकरांची डोण. आपल्याकडच्या पाणंदीसारखीच ही वाट, शतकानुशतकं गुरं-माणसं चालून खोल गेलेली, दोन्ही बाजूंना बीचची मुळं उघडी पडलेली. एप्रिलच्या शेवटी वर कोवळी पोपटी पानं आणि कडेच्या झाडीत निळ्या ब्लूबेलची जाजमं. त्यात फोटोसाठी शिरू नका, तुडवलेलं झाड सावरायला वर्षं लागतात.

वर वेंडोव्हर वुड्स लागतं. इथे फॉरेस्ट्री इंग्लंड या सरकारी वनसंस्थेच्या रुंद खडीच्या वाटा आणि रंगीत खांब आहेत, म्हणून जंगलात पळायची सवय करायला जागा उत्तम. चिल्टर्नमधला सर्वोच्च बिंदू, तो २६७ मीटरचा हॅडिंग्टन हिल, याच जंगलात आहे. देखावा शून्य, सपाट झाडी आणि एक दगड. तरी मी दर वेळी दगडाला हात लावून येतो. जाऊन-येऊन आठ-दहा किलोमीटर धरून चाला. पुढे हिंमत वाढली की ट्रिंग स्टेशनवर उतरून ॲशरिजचं जंगल आणि आयव्हिंगो बीकन करा. तिथे पहाटे हरणं दिसतात.

जनावरं, लहान आणि मोठी

गाय म्हटलं की आपल्याला रस्त्यात रवंथ करत बसलेली गरीब गाय आठवते. इथली वासरू असलेली गाय तशी नसते. कळप दिसला की पळणं थांबवा, चाला, वासरू आणि आई यांच्या मधून जाऊ नका. कळप वाटेवरच उभा असेल तर लांबून वळसा घालून पुन्हा वाटेवर या. बरोबर कुत्रं असेल आणि गाई अंगावर आल्या तर दोरी सोडून द्या, कुत्रं स्वतःला वाचवतं. घोडा दिसला तर मागून धावत जाऊ नका. लांबून "हॅलो" करा, स्वार मान हलवेल, मग चालत पुढे जा. १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी फेझंट या पक्ष्याच्या शिकारीचा मोसम असतो. बंदुकीचे बार ऐकले तर घाबरू नका, पण वाट सोडू नका आणि भडक रंगाचं काही घाला.

वाटेकडेची नेटल म्हणजे खाजकुइलीची इंग्रज बहीण. जून-जुलैत ती कमरेएवढी वाढते, तेव्हा लांब मोजे.

सगळ्यात जपायचं ते गोचिडापासून. उंच गवत आणि नेच्यांतून गेलात तर घरी आल्यावर आंघोळीआधी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कमरेच्या इलॅस्टिकखाली तपासा. तिळाएवढी असते. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला टेकून धरा आणि सावकाश सरळ वर ओढा. तेल, रॉकेल, पेटती काडी, यांतलं काहीही नको. काही गोचिडांमधून लाइम नावाचा आजार होतो. साधारण एक ते चार आठवड्यांत, कधी तीन महिन्यांपर्यंत, चावल्याजागी पसरत जाणारं वर्तुळ दिसलं तर जीपीकडे, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, जा आणि गोचीड चावल्याचं सांगा. सावळ्या कातडीवर ते वर्तुळ लाल न दिसता नुसतं गडद किंवा मुका मार लागल्यासारखं दिसू शकतं, त्यामुळे वाट बघत बसू नका.

पाय मुरगळला आणि उठता येईना तर ९९९ किंवा ११२. नकाशावरचा ग्रिड क्रमांक वाचून दाखवायचा. बोलण्याइतकी रेंज नसताना कधीकधी एसएमएस जातो, पण त्यासाठी आधी नोंदणी लागते: आजच ९९९ ला 'रजिस्टर' हा शब्द इंग्रजीत पाठवा आणि उत्तरात येईल तसं करा. दोन मिनिटांचं काम आहे.

परत येताना

पबमध्ये चहा किंवा काही थंड प्यायचं असेल तर दारात विचारा, "बूट काढू का?" बहुतेक ठिकाणी हसून दाराशी जागा दाखवतात, आणि मोज्यांवर बसलेले आणखी तिघे-चौघे आत असतातच. गाडीत बसायला एक जुनी प्लास्टिकची पिशवी आणि कोरडे मोजे सॅकमध्ये ठेवा. घरी आल्यावर बूट धुवायची घाई करू नका. खडूचा चिखल ओला असताना पुसला तर पसरतो, वाळला की दोन बूट एकमेकांवर आपटले तरी पांढरी पापुद्री निघून पडते. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, रात्री एकदा बदला, आणि हीटरपासून लांब ठेवा. मी एकदा हीटरला टेकवले होते, सकाळी दोन्ही तळवे बोटांपाशी सुटले होते.